वेग, पेट्रोल आणि इंजिनाची भूक

‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने गाडी चालवा आणि इंधन वाचवा’ अशा अर्थाची सूचना आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा वाचलेली असते. ‘पीसीआरए’ ही इंधनबचतीसाठी काम करणारी संस्था हा सल्ला अनेक वर्षे देत आली आहे. सल्ला साधा आहे. पण तो वर्गात वाचून दाखवला, की एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, हळू चालवल्याने पेट्रोल वाचत असेल, तर दहाच्या वेगाने चालवली की सगळ्यात जास्त वाचेल का?”

या प्रश्नाला ‘नाही’ एवढेच उत्तर देऊन चालणार नाही. वेग वाढला की हवेचा रोध वाढतो, हे पाठ्यपुस्तकातले स्पष्टीकरण आपण देतो. ते बरोबरच आहे. पण त्यातून फक्त जास्त वेगाचा तोटा कळतो. कमी वेगाला पेट्रोल का जास्त लागते, ते त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी गाडीचे बॉनेट उघडून आत पाहावे लागते. आणि एकदा आत पाहिले, की आजच्या गाड्यांची इंजिने जशी आहेत तशी का झाली, याचाही उलगडा होऊ लागतो.

आपण एक काल्पनिक गाडी घेऊ आणि तिचा हिशेब मांडू. चार माणसांसह वजन १,००० किलो, इंजिन १,००० सीसीचे, पाच गिअर. आकडे सोयीसाठी गोळाबेरीज घेतले आहेत, पण ते आपल्या रस्त्यांवरच्या छोट्या मोटारींपासून फार दूर नाहीत.

रस्त्याचा आणि हवेचा हिशेब

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन गोष्टी अडवतात. पहिली म्हणजे टायर. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग सतत दबतो आणि पुन्हा फुगतो. रबराला दाबण्यासाठी जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ते परत देत नाही. उरलेल्या ऊर्जेने टायर गरम होतो. (लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावून पाहावा.) हा रोध गाडीच्या वजनाच्या साधारण सव्वा टक्का असतो आणि वेगाप्रमाणे फारसा बदलत नाही. आपल्या गाडीसाठी तो १२० न्यूटन धरू.

दुसरी गोष्ट म्हणजे हवा. इथे सूत्र फळ्यावर लिहून टाकण्यापेक्षा एक गंमत करून पाहण्यासारखी आहे. आपल्या गाडीच्या समोरच्या बाजूचे क्षेत्रफळ दोन चौरस मीटर आहे, असे समजा. एक किलोमीटर जाताना ती २,००० घनमीटर हवेतून मार्ग काढते. एका घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम. म्हणजे दर किलोमीटरला ही गाडी जवळजवळ अडीच टन हवा बाजूला सारते! ज्या हवेला आपण ‘काहीच नाही’ समजतो, तिचे वजन गाडीच्या दुपटीहून जास्त भरते.

ही सगळी हवा गाडीने आपल्याच वेगाने पुढे ढकलली असती, तर प्रत्येक किलोमीटरला ½ × २,४०० × वेगाचा वर्ग इतकी गतिज ऊर्जा तिला द्यावी लागली असती. प्रत्यक्षात गाडीचा आकार उतरता असतो, बरीचशी हवा कडेने आणि टपावरून निसटते. त्यामुळे त्या ऊर्जेचा काही अंशच खर्च होतो. हा अंश म्हणजेच रोधगुणांक. छोट्या मोटारीसाठी तो ०.३५ घेऊ. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. गणित केले, तर किलोमीटरला ३२४ किलोज्यूल येतात. ताशी ५० ला याच्या एक चतुर्थांश, म्हणजे ८१ किलोज्यूल.

इथे एक सोय ध्यानात ठेवावी. एक न्यूटन बलाने एक किलोमीटर ढकलले, की बरोबर एक किलोज्यूल काम होते. त्यामुळे टायरचे १२० न्यूटन म्हणजे किलोमीटरला १२० किलोज्यूल. दोन्ही मिळून ताशी ५० ला २०१ किलोज्यूल, तर ताशी १०० ला ४४४ किलोज्यूल.

आता पेट्रोलकडे वळू. एक लिटर पेट्रोल जाळले, की सुमारे ३२,००० किलोज्यूल ऊर्जा मिळते. २०१ ने भागून पाहा. ताशी ५० च्या वेगाने एका लिटरमध्ये जवळजवळ १६० किलोमीटर जायला हवे. पुण्यात लिटरभर पेट्रोल टाकावे आणि मुंबईत उतरावे! असा ‘अ‍ॅव्हरेज’ देणारी चारचाकी कोणाच्या पाहण्यात नाही. मग बाकीची ऊर्जा जाते कुठे?

इंजिन स्वतः किती खाते?

तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने जातो. ज्वलनातून मिळालेली सर्व उष्णता कामात बदलणारे इंजिन बनवता येत नाही, हे ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाने सांगितलेले आहे. पेट्रोल इंजिनात ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा पिस्टनला ढकलण्याच्या कामी येते, उरलेली दोन तृतीयांश धुरांड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर पडते. म्हणजे १६० चे ५३ झाले. तरीही आपली गाडी ५३ देत नाही.

कारण पिस्टनवर झालेले सगळे काम चाकांपर्यंत पोहोचत नाही. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतींवर घासतात, बेअरिंगमध्ये तेल घुसळले जाते, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबाव्या लागतात, तेलाचा पंप, पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवावा लागतो. याखेरीज आणखी एक खर्च आहे आणि तो पेट्रोल इंजिनाचा खास स्वतःचा आहे.

पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण ठरलेले असते; एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा. त्यामुळे पेट्रोल कमी करायचे, तर हवाही कमी करावी लागते. हे काम थ्रॉटलची झडप करते. आपण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल केला, की ही झडप हवेचा मार्ग जवळजवळ बंद करते. पण पिस्टन तर खाली येतच असतो आणि सिलिंडरमध्ये हवा ओढू पाहत असतो. उसाचा रस पिताना नळी बोटांनी चिमटीत धरावी आणि जोर लावून ओढावे, तशी इंजिनाची स्थिती होते. गंमत अशी की आपण गाडी जितकी हलक्या पायाने चालवतो, तितका हा श्वास कोंडल्याचा खर्च एकूण कामाच्या तुलनेत मोठा ठरतो.

हे सगळे मिळून आपल्या १,००० सीसी इंजिनाला दर फेऱ्यामागे ९० ज्यूल लागतात, असे धरू. नऊ किलोची धान्याची पिशवी एक मीटर उचलायला जेवढे काम पडते, जवळजवळ तेवढे. मिनिटाला दोन हजार फेरे घेणारे इंजिन अशा दोन हजार पिशव्या मिनिटाला उचलते, आणि त्यात गाडी एक इंचही पुढे गेलेली नसते.

महत्त्वाचा मुद्दा हा, की हा खर्च फेऱ्यांमागे आहे. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: एक किलोमीटर जायला इंजिनाला किती फेरे घ्यावे लागतात? याचे उत्तर गिअरवर अवलंबून असते. आपल्या गाडीला पाचव्या गिअरमध्ये किलोमीटरला २,००० फेरे लागतात, चौथ्यात २,५००, तिसऱ्यात ३,५०० आणि दुसऱ्यात ५,५००. म्हणजे केवळ इंजिन फिरवण्यासाठी पाचव्या गिअरमध्ये किलोमीटरला १८० किलोज्यूल पडतात, तर दुसऱ्यात ४९५.

आता सगळे एकत्र करू. रस्त्याचा खर्च आणि इंजिनाचा खर्च यांची बेरीज करायची, उष्णतेच्या नुकसानीपोटी तिची तिप्पट करायची आणि ३२,००० ला तिने भागायचे. क्रमाने वेग व गिअर, रस्त्याचा व हवेचा खर्च, इंजिनाचा खर्च (दोन्ही किलोज्यूलमध्ये, दर किलोमीटरला) आणि शेवटी लिटरमागे किलोमीटर असे दिले आहेत.

ताशी २०, दुसरा गिअर : १३३ : ४९५ : १७.०
ताशी ३०, तिसरा गिअर : १४९ : ३१५ : २३.०
ताशी ४०, चौथा गिअर : १७२ : २२५ : २६.९
ताशी ५०, पाचवा गिअर : २०१ : १८० : २८.०
ताशी ६०, पाचवा गिअर : २३७ : १८० : २५.६
ताशी ८०, पाचवा गिअर : ३२७ : १८० : २१.०
ताशी १००, पाचवा गिअर : ४४४ : १८० : १७.१
ताशी १२०, पाचवा गिअर : ५८७ : १८० : १३.९

विद्यार्थ्यांना हे आकडे आलेख-कागदावर मांडायला सांगावेत. वेग वाढतो तसा दुसऱ्या रकान्यातला आकडा चढत जातो आणि तिसऱ्यातला उतरतो. दोघांच्या ओढाताणीतून मधे एक शिखर तयार होते. पहिली आणि सातवी ओळ ताडून पाहा. ताशी २० आणि ताशी १०० यांचा अ‍ॅव्हरेज जवळजवळ सारखाच आहे! गर्दीच्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये रखडणारा आणि द्रुतगती मार्गावर सुसाट जाणारा, दोघेही सारखेच पेट्रोल जाळतात. एकाचे पेट्रोल हवा ढकलण्यात जाते, दुसऱ्याचे इंजिन घुसळण्यात.

खऱ्या गाडीत हे आकडे थोडे हलतील. जास्त फेऱ्यांना दर फेऱ्यामागचे घर्षण वाढते, थ्रॉटल जास्त उघडला की श्वास कोंडल्याचा खर्च घटतो, आणि शहरात ब्रेक लावून वाया घालवलेली ऊर्जा तर आपण धरलेलीच नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचा अ‍ॅव्हरेज शून्य असतो, आणि इंजिन मात्र तासाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही थोडे जास्त पेट्रोल पीत असते. पण आलेखाचा आकार तोच राहतो.

तेव्हा ४५ ते ५५ हा काही निसर्गाने ठरवून दिलेला वेग नव्हे. सर्वांत वरचा गिअर जिथे सुखाने चालतो, अशा सर्वांत कमी वेगाच्या आसपास हे शिखर येते. गिअर बदलले किंवा इंजिन बदलले, की तेही सरकते.

कार्यक्षम इंजिन, पण अ‍ॅव्हरेज कमी

याच तक्त्यातून आणखी एक गोष्ट निघते. तिने शिक्षकांचाही गोंधळ उडतो, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. इंजिनाची कार्यक्षमता म्हणजे पेट्रोलच्या ऊर्जेपैकी रस्त्याच्या कामी आलेला भाग. ताशी २० ला हा भाग सात टक्के येतो, ५० ला साडेसतरा टक्के, १०० ला जवळजवळ चोवीस टक्के आणि १२० ला साडेपंचवीस. म्हणजे वेग वाढेल तसे इंजिन अधिकाधिक कार्यक्षम होत जाते. आणि तरीही ५० च्या पुढे अ‍ॅव्हरेज घसरत जातो!

यात विरोध काहीच नाही. जास्त वेगाला इंजिन आपले काम उत्तम करत असते, पण आपण त्याला कामच अवाच्या सवा सांगितलेले असते. ‘या वेगाला इंजिन सर्वांत कार्यक्षम असते’ आणि ‘या वेगाला गाडी सर्वांत जास्त अ‍ॅव्हरेज देते’ ही दोन वेगळी विधाने आहेत. बोलताना आपण ती एकच समजून चालतो.

मग असा प्रश्न पडतो, की ताशी ५० ला इंजिन इतके अकार्यक्षम का? कारण तिथे त्याला कामच पुरेसे नसते. २०१ न्यूटन बल आणि सेकंदाला १३.९ मीटर वेग यांचा गुणाकार करा. उत्तर येते २.८ किलोवॅट, म्हणजे चार अश्वशक्तीही भरत नाही. शेतावरच्या विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर असते, त्याहून कमी. आणि असे १,००० सीसीचे इंजिन गरज पडली तर ५० किलोवॅटपर्यंत देऊ शकते. मुंगीच्या ओझ्याला हत्ती जुंपावा, तसा हा प्रकार आहे. हत्ती ओझे ओढतो, पण त्याचा चारा तर घालावाच लागतो.

हत्ती का ठेवायचा? ताशी ६० च्या वेगाने एखाद्या ट्रकच्या मागे चाललेल्या आपल्या गाडीची कल्पना करा. समोरचा रस्ता मोकळा दिसतो आणि चार सेकंदांत ८० चा वेग गाठून पुढे निघायचे आहे. गतिज ऊर्जेतली वाढ १०८ किलोज्यूल. चार सेकंदांत म्हणजे २७ किलोवॅट. त्यात हवा-रस्त्याचे साडेपाच मिळवा. बत्तीस-तेहतीस किलोवॅट झाले. घाटाचे तसेच. शंभर मीटरला सहा मीटर चढ असेल, तर ताशी ६० ने चढायला सुमारे १४ किलोवॅट लागतात, सपाटीवर लागतात त्याच्या साडेतीनपट. ही गरज रोज काही मिनिटांचीच असते, पण त्या मिनिटांत शक्ती कमी पडली तर जिवाशी गाठ असते. म्हणून कारखानदार त्या काही मिनिटांसाठी इंजिन बनवतो आणि आपण उरलेला सगळा वेळ त्याला पोसतो.

अमेरिकेतला मोठा प्रयोग

इंधन वाचवायचे तर वेग बदलावा, की इंजिन? या प्रश्नाचा एक देशव्यापी प्रयोगच अमेरिकेत होऊन गेला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल विकणे थांबवले. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारी १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही वेगमर्यादा आली. त्याआधी अनेक राज्यांत मोठ्या रस्त्यांवर ७० मैल किंवा त्याहूनही जास्त वेगाची मुभा होती.

आपल्या तक्त्याच्या रीतीने हिशेब केला, तर ७० मैलांवरून ५५ वर आल्याने आपल्या छोट्या गाडीचा अ‍ॅव्हरेज सव्वापटीपेक्षा जास्त वाढायला हवा. पण देशाची एकूण बचत अपेक्षेच्या मानाने फारच थोडी झाली. एक तर पुष्कळसे पेट्रोल शहरात जळत होते आणि तिथे ५५ च्या मर्यादेने काही फरक पडणार नव्हता. दुसरे, मोकळ्या रस्त्यावर लोकांनी मर्यादा पाळली नाही. आणि तिसरे म्हणजे त्या काळच्या अमेरिकन गाड्यांत पाच-सहा लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन सर्रास असे. ज्याचा स्वतःचा खर्चच एवढा अवाढव्य, त्याचे केवळ हवेचा रोध कमी करून कितीसे वाचणार? ट्रकचालकांची तक्रार तर आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी होती. आमच्या ट्रकचे गिअर याहून जास्त वेगासाठी जमवलेले आहेत, हळू चालवले तर खालच्या गिअरमध्ये जावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर १९७३ मध्ये त्यांनी काही ठिकाणी महामार्ग अडवलेही होते.

वेगमर्यादेचा मोठा फायदा वेगळ्याच ठिकाणी दिसला. रस्त्यावरच्या अपघातांत १९७३ मध्ये सुमारे ५४,००० माणसे दगावली होती. १९७४ मध्ये हा आकडा ४५,००० वर आला. लोक एकूणच कमी गाडी चालवत होते, हेही त्याचे एक कारण होते. ही मर्यादा १९८७ मध्ये काही रस्त्यांपुरती सैल झाली आणि १९९५ मध्ये केंद्रीय कायद्यातून काढून टाकण्यात आली.

इंजिनाच्या बाजूने झालेला बदल मात्र ठळक होता. १९७५ च्या कायद्याने अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांना सांगितले, की तुम्ही विकता त्या सर्व नव्या मोटारींचा सरासरी अ‍ॅव्हरेज १९८५ पर्यंत गॅलनला साडेसत्तावीस मैल, म्हणजे लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या घरात आणा. १९७४ च्या सुमारास तो सहाच्या आसपास होता. दहा वर्षांत, निदान चाचणीच्या आकड्यांत, तो जवळजवळ दुप्पट झाला. चालकांना उपदेश करण्यापेक्षा इंजिने लहान आणि गाड्या हलक्या केल्याने जास्त तेल वाचले, असे माझे तरी मत आहे.

आपल्याकडेही तोच धडा वेगळ्या वाटेने आला. जुन्या अ‍ॅम्बॅसडरचे इंजिन १,४८९ सीसीचे आणि गाडी टनाहून जड. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, आणि गाडी साडेसहाशे किलोंच्या आसपास. तिसऱ्या आणि दुसऱ्या रकान्यावर एकदमच हा घाव होता. वेग कोणताही असो, खर्च कमीच.

हत्तीला लहान कसे करायचे?

गेल्या पन्नास वर्षांतील इंजिनांचे बहुतेक बदल या एका प्रश्नाची उत्तरे आहेत: अधूनमधून मोठे, पण एरवी लहान इंजिन कसे मिळवावे?

सर्वांत सोपे उत्तर गिअर वाढवण्याचे. चाराचे पाच झाले, पाचाचे सहा झाले. वरचा गिअर किलोमीटरला २,००० ऐवजी १,६०० फेऱ्यांचा केला, तर आपल्या गाडीला ताशी १०० ला १७.१ ऐवजी १८.१ चा अ‍ॅव्हरेज मिळतो. पण या गिअरमध्ये ताशी ५० ने जाऊ लागलो, तर इंजिन मिनिटाला जेमतेम १,३०० फेरे घेईल, धडधडेल, जरा चढ आला की गाडी खेचणार नाही. त्यासाठी कमी फेऱ्यांनाही जोर देणारे इंजिन हवे. म्हणून गिअर आणि इंजिन यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

दुसरे उत्तर टर्बोचार्जरचे. इंजिन मुळातच लहान घ्यायचे आणि गरज पडेल तेव्हा धुरांड्यातून जाणाऱ्या वायूंच्या जोरावर एक पंखा फिरवून त्याच्या छातीत जास्त हवा कोंबायची. डिझेल इंजिनाला तर आणखी एक जन्मजात फायदा असतो: त्यात हवा रोखून धरणारा थ्रॉटल लागतच नाही. हवा पूर्ण घ्यायची आणि डिझेल हवे तेवढेच फवारायचे. उसाची नळी तिथे कोणी चिमटीत धरत नाही. हलक्या कामाला डिझेल गाडी जास्त अ‍ॅव्हरेज का देते, याचे हे एक मोठे कारण आहे.

तिसरे उत्तर काहीसे विचित्र वाटेल: काम नसेल तेव्हा काही सिलिंडर बंदच ठेवायचे. १९८१ मध्ये कॅडिलॅक कंपनीने आठ सिलिंडरांचे असे इंजिन आणले, की जे गरजेप्रमाणे आठ, सहा किंवा चार सिलिंडरांवर चालावे. कल्पना उत्तम होती, पण त्या वेळच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला ती पेलली नाही. गाड्या धक्के देऊ लागल्या आणि बहुतेक मॉडेलांतून हे इंजिन वर्षभरातच काढून टाकावे लागले. पुढे संगणक वेगवान झाल्यावर तीच कल्पना पुन्हा आली आणि टिकली.

चौथे उत्तर सर्वांत हुशारीचे. डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने जपानमध्ये ‘प्रियस’ ही गाडी विकायला काढली. तिच्यात पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी होती. रेंगाळत जाताना इंजिन बंद, मोटर चालू. ओव्हरटेक करताना दोघांनी मिळून जोर लावायचा. वरच्या गरजेचा भार मोटरने उचलल्यामुळे इंजिन कमी जोराचे पण जास्त कार्यक्षम ठेवता आले. १८८० च्या दशकात जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने एक युक्ती सुचवली होती, की वायू जेवढा दाबला त्याहून जास्त प्रसरण पावू द्यावा. तशा इंजिनाला जोर कमी म्हणून ती शंभर वर्षे मागे पडली होती. प्रियसच्या इंजिनात तिचाच एक प्रकार वापरला गेला: हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटायचा. शिवाय ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठू लागली. त्यामुळे शहरात या गाडीचा अ‍ॅव्हरेज साध्या गाडीसारखा ढासळला नाही.

घाटातला एक गैरसमज

विषय निघालाच आहे, तर एका धोकादायक सवयीबद्दल सांगायला हवे. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे चालक आपल्याकडे पुष्कळ आहेत. कार्ब्युरेटरच्या जमान्यात याने थेंबभर पेट्रोल वाचत असेलही, पण इंजिनाचा रोध सुटल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागेनासे होतात. आता तर ती थेंबभर बचतही उरलेली नाही. फवाऱ्याने पेट्रोल देणाऱ्या इंजिनात गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की पेट्रोल पूर्ण बंद होते. इंजिनाला चाकेच फिरवत राहतात. याउलट गाडी न्यूट्रल केली, तर इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरणारा आज जास्त पेट्रोल जाळतो, आणि जीव धोक्यात घालतो तो वेगळाच. वरच्या वर्गातली मुले लवकरच गाडी हातात घेणार असतात. त्यांना हे कारणासकट सांगावे.

द्रुतगती मार्गाचाही हिशेब सांगून टाकू. २००२ मध्ये पूर्ण खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटर लांब आहे. घाट क्षणभर विसरून तो सपाट धरला, तर आपल्या गाडीला ताशी ८० ने साडेचार लिटर पेट्रोल आणि ७१ मिनिटे लागतात. ताशी १०० ने साडेपाच लिटर आणि ५७ मिनिटे. म्हणजे एक लिटर पेट्रोल देऊन आपण चौदा मिनिटे विकत घेतो. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेही या चौदा मिनिटांच्या किमतीत धरावे. सौदा परवडतो का, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आता दहाच्या वेगाचा प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. पेट्रोल गाडीसाठी त्याचे अनुमान चुकले. पण विजेच्या मोटारीसाठी? तिच्यात थ्रॉटल नाही, सिग्नलला फुकट फिरणारे इंजिन नाही, गिअरही सहसा एकच. म्हणजे आपला तिसरा रकाना जवळजवळ पुसलाच गेला. राहिले दिवे, पंखा, संगणक यांचे काम. ते अर्धा किलोवॅट धरू. हा खर्च फेऱ्यांमागे नसून वेळेमागे आहे. ताशी १० ने एक किलोमीटर जायला सहा मिनिटे लागतात, तेवढ्यात तो १८० किलोज्यूल होतो. ताशी ३० ला ६०. आपल्याच गाडीचे टायर आणि तोच आकार धरून बेरीज केली, तर ताशी १० ला ३०३, २० ला २२३, ३० ला २०९ आणि ४० ला २१७ किलोज्यूल. म्हणजे शिखर ताशी ५० वरून ३० पर्यंत डावीकडे सरकले. एसी लावून हा खर्च दीड किलोवॅट केला, तर ते पुन्हा ४५ च्या आसपास येते. मुलांनी तो आलेख पहिल्या आलेखाच्याच कागदावर वेगळ्या रंगाने काढावा.